स्विचवर स्टॉर्म कंट्रोल लावायचे आहे? आधी मोजा, मग मर्यादा घाला

ब्रॉडकास्टसारख्या फ्रेमचा पूर, म्हणजेच वादळ, पोर्टातून आत येताना मोजून मर्यादेपलीकडे अडवणारी स्विचची सोय म्हणजे स्टॉर्म कंट्रोल. तिची कमांड एका ओळीची आहे. म्हणूनच ती घाईघाईने, कुठल्यातरी जुन्या कन्फिगमधून उचललेल्या आकड्यासह टाकली जाते. मग दोनपैकी एक गोष्ट होते. आकडा इतका मोठा असतो की खरे वादळ आले तरी स्विच हलत नाही, किंवा इतका लहान असतो की वीज परत आल्यावर सगळी यंत्रे एकदम सुरू झाली की चांगलेच पोर्ट अडकतात. मॅनेज्ड स्विच पहिल्यांदा हाताळणाऱ्यांनी या दोन्ही टोकांपासून दूर राहावे म्हणून हे लिहितो आहे. सर्वांत जास्त जागा मी आकडा ठरवण्यालाच दिली आहे, कारण बाकीचे काम त्यामानाने सोपे आहे.

उदाहरणे मुख्यतः सिस्कोच्या कॅटॅलिस्ट स्विचची आहेत. दुसऱ्या कंपन्यांचे फरक पाचव्या पायरीत आहेत. कमांडचा उच्चार देवनागरीत दिला आहे. स्विचवर टाइप करताना प्रत्येक शब्दानंतर प्रश्नचिन्ह टाकले की पुढचे पर्याय समोर येतात, ती सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

वादळ येते कसे

आयपी पॅकेटमध्ये टीटीएल नावाचा आकडा असतो. प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो आणि शून्यावर पोचलेले पॅकेट टाकून दिले जाते. इथरनेट फ्रेममध्ये अशी सोय नाही. ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना उद्देशून पाठवलेली फ्रेम आली की स्विच ती आलेला पोर्ट सोडून त्या व्हीलॅनच्या (स्विचवर वेगळ्या केलेल्या आभासी नेटवर्कच्या) बाकी सर्व पोर्टांवर पाठवतो. दोन स्विचमध्ये चुकून दोन केबल लागल्या आणि त्यांतली एकही अडवलेली नसेल, तर लूप होतो: तीच फ्रेम फिरत राहते, प्रत्येक फेरीत तिच्या प्रती सगळीकडे जातात आणि थोड्याच वेळात लिंक पूर्ण भरते. शिवाय प्रत्येक ब्रॉडकास्ट फ्रेम त्या व्हीलॅनमधल्या प्रत्येक यंत्राच्या प्रोसेसरला उघडून पाहावी लागते. त्यामुळे लिंकमध्ये जागा शिल्लक असतानाही प्रिंटर, फोन, कॅमेरे गुदमरू शकतात.

हीच गत मल्टिकास्टची (ठरावीक गटाला पाठवलेल्या फ्रेमची) आणि ज्याचा पत्ता स्विचच्या मॅक टेबलमध्ये (कुठले यंत्र कुठल्या पोर्टामागे आहे याच्या नोंदीत) नाही अशा युनिकास्टची (एकाच यंत्राला पाठवलेल्या फ्रेमची) होते. या तिन्ही प्रकारच्या फ्रेम स्विच सगळीकडे पसरवतो, म्हणून स्टॉर्म कंट्रोलमध्ये तीन वेगळ्या मर्यादा दिसतात.

लूप टाळण्याचे काम स्पॅनिंग ट्रीचे आहे. जादा वाटा ओळखून ती त्या अडवून ठेवते. रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डीईसी कंपनीत असताना ही पद्धत मांडली आणि १९९० मध्ये ती आयट्रिपलई ८०२.१डी या मानकात आली. पण तिलाही मर्यादा आहेत. नोव्हेंबर २००२ मध्ये बोस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस मेडिकल सेंटर या रुग्णालयाचे नेटवर्क स्पॅनिंग ट्रीची रचना नको तितकी ताणली गेल्यामुळे कोसळले आणि तिथल्या लोकांना काही दिवस कागदावर काम करावे लागले. स्टॉर्म कंट्रोल लूप शोधत नाही आणि तोडतही नाही. पोर्टातून आत येणाऱ्या फ्रेम ते मोजते आणि मर्यादा ओलांडली की अडवते. स्पॅनिंग ट्री बंद ठेवून त्याच्या जागी स्टॉर्म कंट्रोल लावण्याचा विचार मनात आला असेल तर तो आत्ताच सोडून द्या.

सुरुवात करण्यापूर्वी हाताशी काय हवे

- स्विचचे नेमके मॉडेल आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती. "शो व्हर्जन"मध्ये दोन्ही मिळते. त्याच आवृत्तीची कन्फिगरेशन पुस्तिका उघडून ठेवा.
- कन्सोल केबल आणि ती लावलेला लॅपटॉप. वादळात स्विचचा स्वतःचा प्रोसेसरही दमतो आणि नेटवर्कवरून लॉगिन होत नाही.
- पोर्टांची यादी: कुठल्या पोर्टाला एकटे यंत्र, कुठे वायरलेस अ‍ॅक्सेस पॉइंट, कुठे सर्व्हर, कुठे दुसरा स्विच. यादी जुनी असेल तर "शो सीडीपी नेबर्स", "शो एलएलडीपी नेबर्स" आणि "शो मॅक अ‍ॅड्रेस-टेबल" यांवरून नवी करा.
- चालू कन्फिगची प्रत, स्विचच्या बाहेर ठेवलेली.
- लॉग साठवणारा सिसलॉग सर्व्हर आणि जमल्यास एसएनएमपीने (उपकरणांची माहिती दुरून वाचण्याच्या प्रोटोकॉलने) काउंटर वाचणारी कुठलीही देखरेख प्रणाली.
- चाचणीसाठी लिनक्स असलेले एक यंत्र आणि एक रिकामा पोर्ट.

पायरी १: पोर्टांची वर्गवारी करा

सगळ्या पोर्टांना एकच आकडा लावणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. स्टॉर्म कंट्रोल आत येणारी वाहतूक मोजते. एका संगणकाच्या पोर्टावर फक्त त्या संगणकाने पाठवलेले ब्रॉडकास्ट मोजले जातात. अपलिंकवर, म्हणजे दुसऱ्या स्विचकडे जाणाऱ्या पोर्टावर, मात्र पलीकडच्या सगळ्या स्विचवरच्या सगळ्या यंत्रांचे ब्रॉडकास्ट एकत्र येतात. हे दोन आकडे कधीच सारखे नसतात.

मी चार गट करतो: एकट्या यंत्राचे पोर्ट, अ‍ॅक्सेस पॉइंटचे पोर्ट, आभासी यंत्रे चालवणाऱ्या सर्व्हरचे पोर्ट आणि अपलिंक. पाचवा गट बऱ्याच ठिकाणी निघतोच: कुणीतरी टेबलाखाली छोटा अनमॅनेज्ड स्विच लावलेला असतो. "शो मॅक अ‍ॅड्रेस-टेबल"मध्ये एका अ‍ॅक्सेस पोर्टामागे चार-पाच पत्ते दिसले की समजून घ्या. लूप होण्याची शक्यता तिथेच सर्वांत जास्त असते. असे काही छोटे स्विच स्पॅनिंग ट्रीच्या बीपीडीयू फ्रेम पुढे जाऊ देत नाहीत, त्यामुळे त्यांच्याच दोन पोर्टांत एक केबल लागली तर तुमच्या स्विचला लूप कळतच नाही. त्या पोर्टावर स्टॉर्म कंट्रोलच तुमच्या कामी येते.

पायरी २: नेहमीची वाहतूक मोजा

ही पायरी टाळू नका. काउंटर पाहण्यासाठी:

शो इंटरफेसेस काउंटर्स

यात प्रत्येक पोर्टावर आत आलेल्या युनिकास्ट, मल्टिकास्ट आणि ब्रॉडकास्ट पॅकेटांचे वेगळे रकाने असतात. ठरावीक अंतराने दोनदा वाचा, फरक काढा आणि त्या अंतरातल्या सेकंदांनी भागा. समजा, एका पोर्टाचा ब्रॉडकास्ट आकडा ४८,२१० होता आणि दहा सेकंदांनी ४८,३३० झाला. म्हणजे सेकंदाला १२ पॅकेटे.

एसएनएमपी असेल तर हे हाताने करायची गरज नाही. आयएफ-मिबमध्ये आत येणाऱ्या ब्रॉडकास्टचा ६४ बिटी काउंटर १.३.६.१.२.१.३१.१.१.१.९ इथे आणि मल्टिकास्टचा शेवटी ८ असलेल्या पत्त्यावर असतो. ३२ बिटी काउंटर वेगवान पोर्टावर भरून पुन्हा शून्यावर येतात, म्हणून ६४ बिटीच घ्या.

इथे एक सापळा आहे. देखरेख प्रणाली बहुधा पाच मिनिटांची सरासरी दाखवते. कॅटॅलिस्टवर स्टॉर्म कंट्रोल एका सेकंदाच्या खिडकीत मोजते. पाच मिनिटांत ३,००० ब्रॉडकास्ट आले तर सरासरी सेकंदाला १० दिसते, पण त्यांतले २,००० एकाच सेकंदात आलेले असू शकतात. म्हणून मोजणीचे अंतर जितके लहान ठेवता येईल तितके ठेवा आणि सरासरीऐवजी शिखर टिपा. दिवसाची सुरुवात, बॅकअपची वेळ, सर्व्हरवरची आभासी यंत्रे एकीकडून दुसरीकडे हलवण्याची वेळ हे सगळे मोजणीत आलेच पाहिजे. आभासी यंत्र हलले की नव्या ठिकाणाहून आपला पत्ता जाहीर करणाऱ्या फ्रेम निघतात. एका वेळी खूप यंत्रे हलली तर तो झटका त्या सर्व्हरच्या पोर्टावर स्पष्ट दिसतो.

निदान एक पूर्ण कामाचा आठवडा मोजावा असे माझे मत आहे. महिनाअखेरीस वेगळे काम होत असेल तर तोही काळ धरा.

पायरी ३: एकक निवडा

सिस्कोच्या बऱ्याच मॉडेलवर मर्यादा तीन प्रकारे देता येते: लिंकच्या वेगाच्या टक्केवारीत, सेकंदाला बिटांत किंवा सेकंदाला पॅकेटांत. टक्केवारी सोपी वाटते म्हणून नवखी माणसे तीच घेतात. ती किती फसवी आहे ते एकदा हिशेब करून पाहा.

सर्वांत लहान इथरनेट फ्रेम ६४ बाइटची. तिच्या आधीचे ८ बाइट आणि दोन फ्रेममधली १२ बाइटची सक्तीची मोकळी जागा धरली तर तारेवर ८४ बाइट, म्हणजे ६७२ बिट लागतात. एक गिगाबिटच्या लिंकवर अशा १४,८८,०९५ फ्रेम सेकंदाला मावतात. त्याचा एक टक्का म्हणजे सुमारे १४,८८०. एआरपीची विनंती (आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता विचारणारा ब्रॉडकास्ट) हीच ६४ बाइटची फ्रेम असते. म्हणजे "फक्त एक टक्का" अशी मर्यादा घातलीत तर सेकंदाला जवळजवळ १५ हजार एआरपी विनंत्या स्विच निमूटपणे जाऊ देईल आणि त्या व्हीलॅनमधल्या प्रत्येक यंत्राला त्या वाचाव्या लागतील. फ्रेम १,५१८ बाइटच्या असतील तर तोच एक टक्का सुमारे ८१२ फ्रेमवर संपतो. एकच मर्यादा, पण आत येणाऱ्या फ्रेमच्या संख्येत अठरा पटींचा फरक.

टक्केवारीचा दुसरा त्रास: ती लिंकच्या वेगावर अवलंबून आहे. तोच पोर्ट खराब केबलमुळे १०० मेगाबिटवर जुळला तर लहान फ्रेमचा एक टक्का १,४८८ वर येतो. १० गिगाबिटवर तो १,४८,८०९ होतो. कन्फिगमधली ओळ तशीच राहते, अर्थ मात्र बदलतो.

म्हणून जिथे उपलब्ध आहे तिथे सेकंदाला पॅकेटे हेच एकक घ्या. यंत्रांना त्रास पॅकेटांच्या संख्येने होतो, बाइटांनी कमी. काही मॉडेलवर पॅकेटांचा पर्याय नसतो. तिथे टक्केवारी दशांशात देता येते का पाहा आणि वरचा हिशेब उलटा करून आकडा काढा. सेकंदाला साधारण १,५०० लहान फ्रेम एवढी मर्यादा हवी असेल तर गिगाबिट पोर्टावर ती ०.१ टक्का होते.

पायरी ४: मर्यादा ठरवा

आता या लेखातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. एकटे यंत्र नेहमीच्या कामात सेकंदाला फार थोडे ब्रॉडकास्ट पाठवते. लूप झाला की तोच आकडा हजारोंच्या, लाखांच्या घरात जातो. म्हणजे नेहमीची वाहतूक आणि वादळ यांच्यात प्रचंड मोठी मोकळी जागा असते आणि मर्यादा त्या जागेत कुठेही चालते. ती मोजलेल्या शिखराला चिकटवून ठेवायचे काहीच कारण नाही. शिखराच्या दीडपट मर्यादा ठेवून वादळ लवकर पकडले जात नाही, खोटे इशारे मात्र वाढतात. मी शिखराच्या निदान दहापट वर जातो.

सुरुवातीचे आकडे म्हणून, तुमची मोजणी वेगळे काही सांगत नसेल तर:

एकट्या यंत्राचा पोर्ट: ब्रॉडकास्ट सेकंदाला ५००, खालची मर्यादा ३००. इथे जास्त विचार करू नका.

टेबलाखालच्या छोट्या स्विचचा पोर्ट: तेवढेच. चार-पाच यंत्रांना ५०० पुरतात.

अ‍ॅक्सेस पॉइंट आणि सर्व्हर: मोजलेल्या शिखराच्या दहापट, आणि पोर्ट बंद करण्याची कारवाई नको.

अपलिंक: शक्यतो फक्त इशारा. वादळ ज्या पोर्टातून आत येते तिथेच ते अडवले गेले तर अपलिंकपर्यंत पोचतच नाही. अपलिंकवर पोर्ट बंद करण्याची कारवाई लावली तर एका केबलच्या चुकीपायी अख्खा मजला तुटतो.

दोन मर्यादांचा अर्थ असा: वरची ओलांडली की अडवणे सुरू होते आणि वाहतूक खालच्या मर्यादेखाली आली की ते थांबते. खालची दिली नाही तर ती वरच्याइतकीच धरली जाते, आणि वाहतूक त्या रेषेवर हेलकावे घेत असेल तर स्विच सतत अडवतो-सोडतो आणि लॉग भरून जातो. टक्केवारीत १०० म्हणजे मर्यादाच नाही आणि ० म्हणजे त्या प्रकारची सगळी वाहतूक बंद. शून्य म्हणजे "सुविधा बंद" असे समजून तो आकडा टाकणारे लोक आहेत, म्हणून मुद्दाम सांगतो.

मल्टिकास्टच्या बाबतीत हात आखडता घ्या. आयपीव्ही६ मध्ये शेजाऱ्याचा पत्ता शोधण्याचे काम मल्टिकास्टवर चालते. राउटरांचे आपसातले प्रोटोकॉलही मल्टिकास्ट वापरतात: ओएसपीएफ २२४.०.०.५ आणि २२४.०.०.६ वर बोलते, व्हीआरआरपी २२४.०.०.१८ वर. कॅटॅलिस्टवर मल्टिकास्टची मर्यादा ओलांडली की बीपीडीयू आणि सीडीपीसारख्या नियंत्रण फ्रेम सोडून बाकी मल्टिकास्ट अडवले जाते, आणि ओएसपीएफचे पॅकेट कुठले व व्हिडिओचे कुठले हा भेद तिथे केला जात नाही. राउटरकडे जाणाऱ्या पोर्टावर मल्टिकास्ट मर्यादा घातलीत तर व्हिडिओच्या गर्दीत राउटिंगचे शेजारपण तुटू शकते.

व्हिडिओ पाठवणाऱ्या सर्व्हरचा हिशेबही करून ठेवा. ४ मेगाबिटचा एक प्रवाह, प्रत्येक पॅकेटात १,३१६ बाइट मजकूर, म्हणजे सेकंदाला सुमारे ३८० पॅकेटे. असे वीस प्रवाह असतील तर ७,६००. हे सगळे पूर्ण वैध आहे. आयजीएमपी स्नूपिंग (मल्टिकास्ट फक्त मागणाऱ्या पोर्टांवर पाठवण्याची सोय) चालू असले तरी फरक पडत नाही, कारण ते बाहेर जाणाऱ्या बाजूची काळजी घेते आणि स्टॉर्म कंट्रोल आत येणारी बाजू मोजते.

युनिकास्टची मर्यादा लावण्याआधी पुस्तिकेत एक गोष्ट नक्की पाहा: तुमचा स्विच फक्त अनोळखी पत्त्यांचे युनिकास्ट मोजतो की सगळेच. सगळेच मोजत असेल तर साधी मोठी फाइल उतरवतानाही मर्यादा ओलांडली जाईल. नव्या कॅटॅलिस्टवर "अननोन-युनिकास्ट" असा वेगळा शब्द दिसतो, तो असेल तर तोच वापरा. शंका असेल तर युनिकास्टला हात लावू नका.

पायरी ५: कन्फिग टाका

दुरून काम करत असाल तर आधी परतीची वाट तयार ठेवा. देखभालीच्या वेळेत "रीलोड इन १५" द्या आणि बदल सेव्ह न करता काम करा. संपर्क तुटला तर पंधरा मिनिटांनी स्विच जुन्या कन्फिगवर उठेल. सगळे ठीक असेल तर "रीलोड कॅन्सल" द्यायला विसरू नका.

एकट्या यंत्रांच्या पोर्टांसाठी:

इंटरफेस रेंज गिगाबिटइथरनेट १/०/१ - २४
स्टॉर्म-कंट्रोल ब्रॉडकास्ट लेव्हल पीपीएस ५०० ३००
स्टॉर्म-कंट्रोल मल्टिकास्ट लेव्हल पीपीएस २००० १५००
स्टॉर्म-कंट्रोल अ‍ॅक्शन ट्रॅप

शेवटची ओळ दिली नाही तरी मर्यादा ओलांडल्यावर वाहतूक अडवली जातेच, पण एसएनएमपीचा इशारा (ट्रॅप) येत नाही. "अ‍ॅक्शन शटडाउन" दिले तर पोर्ट एरर-डिसेबल होतो, म्हणजे स्विच तो स्वतःहून बंद करतो. पहिले काही आठवडे सगळीकडे फक्त ट्रॅप ठेवा. त्या काळात एकही खोटा इशारा आला नाही तर टेबलाखालच्या स्विचच्या आणि मोकळ्या जागेतल्या पोर्टांवर शटडाउन लावा. तिथे नुसते अडवणे पुरेसे नसते: मर्यादेपर्यंतचा कचरा आत येतच राहतो आणि लूप महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात न येता पडून राहतो.

अडवण्याच्या कारवाईची दुसरी बाजूही लक्षात असू द्या. ब्रॉडकास्ट अडवले जात असताना त्या पोर्टामागच्या यंत्राची एआरपी विनंती आणि डीएचसीपीची (आयपी पत्ता मिळवण्याची) मागणीही अडते. स्विचला चांगला ब्रॉडकास्ट आणि वाईट ब्रॉडकास्ट यांत फरक करता येत नाही. "पत्ताच मिळत नाही" अशी तक्रार आली तर डीएचसीपी सर्व्हर तपासण्याआधी त्या पोर्टाचे स्टॉर्म कंट्रोल पाहा.

अनेक केबल एकत्र बांधलेल्या इथरचॅनेलवर मर्यादा पोर्ट-चॅनेल इंटरफेसवर द्या. ती आपोआप आतल्या पोर्टांवर जाते. सुट्या पोर्टांवर वेगवेगळी देत बसू नका.

बंद झालेला पोर्ट आपोआप उठावा असे वाटत असेल तर:

एरडिसेबल रिकव्हरी कॉज स्टॉर्म-कंट्रोल
एरडिसेबल रिकव्हरी इंटर्व्हल ६००

काही दिले नाही तर हे अंतर ३०० सेकंदांचे असते. लूप तसाच असेल तर पोर्ट दर वेळी उठेल, वादळ आत सोडेल आणि पुन्हा पडेल. म्हणून अंतर वाढवा, किंवा माणसे जवळ असतील तर आपोआप उठणे बंदच ठेवा.

याच वेळी यंत्रांच्या पोर्टांवर "स्पॅनिंग-ट्री पोर्टफास्ट" आणि "स्पॅनिंग-ट्री बीपीडीयूगार्ड एनेबल" आहे ना ते पाहा. छोटा स्विच बीपीडीयू पुढे जाऊ देत असेल तर बीपीडीयू गार्ड लूप लगेच पकडतो. जाऊ देत नसेल तर स्टॉर्म कंट्रोल पकडते. दोन्ही हवेत.

दुसऱ्या कंपन्यांबद्दल थोडक्यात. जुनिपरच्या ईएक्स मालिकेत नव्या पद्धतीच्या कन्फिगमध्ये आधी "स्टॉर्म-कंट्रोल-प्रोफाइल्स" खाली प्रोफाइल बनवायची आणि मग ती इंटरफेसला जोडायची. तिथली "बँडविड्थ-लेव्हल" किलोबिटमध्ये असते आणि सगळ्या प्रकारांची बेरीज धरते, त्यामुळे सिस्कोचा आकडा तसाच तिथे नेऊ नका. बदल "कमिट कन्फर्म्ड ५" ने करा, पाच मिनिटांत पुन्हा कमिट केले नाही तर तो आपोआप मागे फिरतो. मायक्रोटिकच्या सीआरएस३ मालिकेत "स्टॉर्म-रेट" ही लिंकच्या वेगाची टक्केवारी आहे आणि मुळात ती १०० असते, म्हणजे मर्यादा नाहीच. एचपीच्या प्रोकर्व्ह परंपरेतल्या स्विचवर "ब्रॉडकास्ट-लिमिट" असा शब्द आहे, तोही टक्केवारीत.

पायरी ६: लागले आहे का ते पाहा

शो स्टॉर्म-कंट्रोल

पोर्ट, स्थिती, वरची मर्यादा, खालची मर्यादा आणि सध्याची पातळी असे रकाने दिसतात. प्रकार सांगितला नाही तर फक्त ब्रॉडकास्टचा तक्ता येतो. मल्टिकास्टची ओळ गेलीच नाही असे समजून तीच कमांड पुन्हा पुन्हा टाकू नका, "शो स्टॉर्म-कंट्रोल मल्टिकास्ट" द्या. स्थितीत फॉरवर्डिंग म्हणजे सुरळीत, ब्लॉकिंग म्हणजे आत्ता अडवणे चालू आहे.

बंद झालेल्या पोर्टांसाठी "शो इंटरफेसेस स्टेटस एर-डिसेबल्ड". यात कारणही दिसते.

पायरी ७: खोटे वादळ आणून पाहा

चाचणी न केलेल्या मर्यादेवर विसंबू नका. रिकामा पोर्ट घ्या, त्याला एकट्याला वेगळ्या व्हीलॅनमध्ये टाका आणि तो व्हीलॅन कुठल्याही ट्रंकवरून (अनेक व्हीलॅन नेणाऱ्या जोडणीवरून) बाहेर जात नाही याची खात्री करा. मग लिनक्सच्या यंत्रावरून ब्रॉडकास्ट पाठवा. नेटस्निफ-एनजी या संचातले माउसझान यासाठी चांगले आहे. ते नसेल तर ब्रॉडकास्ट पत्त्याला "पिंग -बी" देऊन अंतर कमी करत जा.

आधी मर्यादेच्या निम्म्या वेगाने पाठवा: काहीच होता कामा नये. मग दुपटीने: स्थिती ब्लॉकिंग व्हावी, सिसलॉगमध्ये ओळ यावी, इशारा पोचावा. पाठवणे थांबवा: स्थिती पुन्हा फॉरवर्डिंग व्हावी. मर्यादेच्या अगदी जवळच्या वेगाला निकाल डळमळीत आला तर काळजी नको. पॅकेटे समान अंतराने येत नाहीत आणि हार्डवेअरची मोजणी सांगितलेल्या आकड्यापेक्षा थोडी इकडेतिकडे असते.

इशारा नेमका कुणाच्या डोळ्यांसमोर पोचतो तेही याच वेळी तपासा. लॉग सर्व्हरवर ओळ येऊन पडली आणि कुणी पाहिली नाही, तर अडवलेल्या पोर्टामागचा लूप कायमचा मुक्कामाला राहील.

मग "कॉपी रनिंग-कन्फिग स्टार्टअप-कन्फिग" आणि नवी प्रत स्विचच्या बाहेर. पोर्टाच्या डिस्क्रिप्शनमध्ये तिथल्या यंत्राचा प्रकार लिहून ठेवा. सहा महिन्यांनी त्या जागी अ‍ॅक्सेस पॉइंट लागला तर मर्यादा बदलायची आहे हे त्यावरूनच पुढच्या माणसाला कळेल.

पायरी ८: इशारा आला की काय करायचे

पोर्ट एकट्या यंत्राचा असेल तर शोध तिथेच संपतो. अपलिंकवर इशारा असेल तर पलीकडच्या स्विचवर जा आणि कुठल्या पोर्टाचा आत येणारा ब्रॉडकास्ट आकडा झपाट्याने वाढतो आहे ते पाहा. तो पुन्हा अपलिंक असेल तर आणखी पुढे. लॉगमध्ये एकच मॅक पत्ता दोन पोर्टांमध्ये उड्या मारतो आहे अशा ओळी दिसल्या तर ते दोन पोर्ट लूपच्या वाटेवर आहेत. बाहेर पडणाऱ्या आकड्यांकडे पाहू नका, वादळात ते सगळ्याच पोर्टांवर फुगलेले असतात.

सापडलेला पोर्ट बंद करा आणि बाकीचे आकडे उतरतात का ते पाहा. उतरले तर जागा बरोबर आहे.

सगळीच वादळे लूपची नसतात. बिघडलेले नेटवर्क कार्ड, वायरलेस आणि तार एकमेकांना जोडून ठेवलेला लॅपटॉप, किंवा सगळे पत्ते चाचपडणारा मालवेअर यांचाही तोच परिणाम दिसतो. फरक ओळखायला त्या व्हीलॅनमधले एक हजार पॅकेट पकडा:

टीसीपीडंप -एन -ई -सी १००० ईथर ब्रॉडकास्ट ऑर ईथर मल्टिकास्ट

तीच तीच फ्रेम जशीच्या तशी पुन्हा येत असेल तर लूप. आयपी पॅकेट असेल तर कमांडला "-व्ही" जोडून त्याचा आयडेंटिफिकेशन आकडाही तोच आहे का ते पाहता येते. एकाच मॅककडून एआरपी विनंत्या येत असतील आणि विचारलेला पत्ता क्रमाने वाढत असेल तर ते यंत्र नेटवर्क चाचपडते आहे. केबल शोधत बसू नका, ते यंत्र वेगळे काढा. एकाच मॅककडून विस्कळीत, अर्थहीन फ्रेम येत असतील तर कार्ड किंवा त्याचा ड्रायव्हर बदलून पाहा.

कारण दूर झाले की पोर्टावर "शटडाउन" आणि मग "नो शटडाउन" द्या. पोर्ट उठल्यावर "शो स्टॉर्म-कंट्रोल"मधली सध्याची पातळी काही मिनिटे पाहत राहा. ती तुमच्या मोजणीतल्या नेहमीच्या आकड्याशी जुळली तर काम झाले. जुळत नसेल तर त्या पोर्टामागे अजून काहीतरी आहे: दुसरी केबल, दुसरा छोटा स्विच किंवा संगणकासाठीचा पोर्टही भिंतीच्या जोडणीला लावलेला फोन. पोर्ट पुन्हा बंद करा आणि तिथे जाऊन प्रत्येक तार हाताने शेवटपर्यंत तपासा.